त्याच्या जागी कोण?

दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही भावंडं आजोळी कराडला जायचो. बाकीची पोरं प्रीतिसंगमावर, किल्ल्याच्या चिखलात आणि लवंगी माळांत रमायची. मी मात्र फराळाची ताटली रिकामी झाली की मामाच्या दुकानात. दुकान म्हणजे एसटी स्टँडमागच्या गल्लीतला एक अरुंद गाळा. आत शिरलं की आधी राळेचा वास यायचा, मग अंधाराला डोळे सरावले की फळीवर ओळीनं मांडलेल्या हॉर्लिक्सच्या बाटल्या दिसायच्या. एकीत रेझिस्टर, एकीत बीवाय१२७ डायोड, एकीत स्क्रू. ट्रान्झिस्टर मात्र बाटलीत नसत. त्यांना लाकडी खण होता, आणि त्या खणाला कुलूप होतं.

दिवाळीच्या तोंडावर त्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसे. वर्षभर फडताळात पडून राहिलेल्या वस्तू लोकांना नेमक्या वसुबारसेच्या आदल्या दिवशी आठवायच्या. तक्रारी नाना तऱ्हेच्या असायच्या. आवाज फाटतो, चित्र आकसतं, नुसतंच घुंई वाजतं. पण निम्म्याहून अधिक दुखण्यांचं मूळ शेवटी पॉवर सप्लायमध्येच सापडायचं. कारण आमच्या तालुक्यातली वीज. विहिरींवरच्या मोटारी सुरू असल्या की घरात १६०-१७० व्होल्ट यायचे, आणि रात्री त्या थांबल्या की काटा २७० ला जाऊन टेकायचा. हा सगळा चढउतार पोटात घालून पुढच्या सर्किटला स्थिर १२ व्होल्ट पुरवणारा गडी एकच, पास ट्रान्झिस्टर. जास्तीचे व्होल्ट तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्यांची उष्णता करून टाकतो. मरतोही बहुतेक वेळा तोच.

तो मेला की खरा खेळ सुरू व्हायचा. त्याच्या जागी कोण?

तोच नंबर मिळाला तर प्रश्नच नव्हता, पण कराडात तो मिळायचा नाही. अमेरिकी नंबर २एन पासून सुरू होणारे. त्या आकड्यावरून काही म्हणता काही कळत नाही, नुसता नोंदणीचा क्रमांक. युरोपातले जरा बोलके. पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन, आणि दुसऱ्या अक्षरावरून त्याचा धंदा कळायचा. जपानी लोक २एस हे अंगावर छापतच नसत. डी३१३ असं लिहिलेलं दिसलं की ते २एसडी३१३ आहे हे आपण समजून घ्यायचं. पायांचा घोळ तर विचारूच नका. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जपानी सी१८१५ तसाच धरला की एमिटर, कलेक्टर, बेस. दिसायला दोघं सारखेच काळे. म्हणून मामाच्या हातचा एखादा ट्रान्झिस्टर पाय मुरडून, एका पायात बारीक स्लीव्ह घालून उभा दिसायचा.

त्यावर औषध म्हणून एक जाड पुस्तक होतं, 'टॉवर्स इंटरनॅशनल ट्रान्झिस्टर सिलेक्टर'. पानोपानी बारीक अक्षरात नुसते रकाने. माल कुठला, एनपीएन की पीएनपी, किती व्होल्ट, किती अँपियर, किती वॅट, आणि अगदी शेवटी 'याऐवजी हा चालेल' असे युरोपी आणि अमेरिकी नंबर. शिकाऊ पोरं थेट त्या शेवटच्या रकान्यावर झडप घालायची. मामा तो रकाना कधी वाचत नसे.

"हे काय लग्नाचं स्थळ हाय, छत्तीस गुण जुळवत बसायला?" तो म्हणायचा. "पोरगं कामाला कुठं हाय आन् तिथं करतंय काय, ते बघ आधी."

मला आजही वाटतं, त्या पुस्तकाचे मधले रकाने अमृत होते आणि शेवटचा आळशी माणसासाठी होता. पुस्तकाला ट्रान्झिस्टर माहीत असतो. तो कुठल्या सर्किटमध्ये बसला होता हे पुस्तकाला कुठून माहीत असणार?

१९८७ ची दिवाळी. रविवारी सकाळी रामायण लागायचं, ते दिवस. कृष्णाकाठच्या एका गावाहून एक शेतकरी चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्ही पोत्यात गुंडाळून घेऊन आले. हे पोर्टेबल सेट १२ व्होल्टवर चालायचे. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडायची, हा तेव्हाचा रिवाज. त्यामुळे ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि असा सेट, त्याच्या ओसरीवर रविवारी अख्खी आळी.

"मेस्त्री, रविवारच्या आत द्या बघा. सारी आळी येऊन बसल दारात, आन् मी तोंड कुठं लपवू?"

मामानं मागचं झाकण काढलं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. त्यानं एकदा वर शेतकऱ्यांकडे पाहिलं, ते छताकडे पाहू लागले. फिल्टरचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. आणि पास ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर सरळ शॉर्ट, मीटरच्या वायरी उलट करूनही काटा शून्यावर. अंगावरचा नंबर सेट बनवणाऱ्यांचा घरचा, कुठल्याच पुस्तकात नसलेला.

मामानं बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तेवढंच सर्किट उतरवून काढलं. ही त्याची जुनी सवय. नंबर नाही तर नाही, जागा तर समोर आहे. कलेक्टर रेक्टिफायरच्या प्लसकडे, एमिटर सेटकडे, म्हणजे एनपीएन. सेट नवा, म्हणजे सिलिकॉन. बेसला चालवणारा एक एसएल१००, तो अर्ध्या अँपियरचा, म्हणजे बेसला करंटची चणचण नाही. वीज २३० असताना कपॅसिटरवर १८ व्होल्ट. २७० झाली की २१. सेट बंद, लोड नाही, तर आणखी थोडे वर. आणि पुढे शॉर्ट झाला तर सगळेच्या सगळे याच्या छातीवर. म्हणून ४० व्होल्टच्या खालचा नग हातातसुद्धा घ्यायचा नाही. करंट सेट नेहमी दीड अँपियर खातो; पण चालू करताच रिकामे कपॅसिटर आणि पिक्चर ट्यूबचा थंड हीटर क्षणभर बरंच ओढतात, म्हणून तीनच्या आत नको. राहिले वॅट. मामा हे गणित मला करायला लावायचा. २१ मधून १२ गेले, उरले ९. ९ गुणिले दीड, साडेतेरा. सगळी उष्णता, एवढ्याशा पत्र्यावर.

मग खणाचं कुलूप उघडलं. बीडी१३९ पहिल्या फेरीत बाद. व्होल्ट ८० आहेत, पण करंट दीडच आणि वॅट बारा. डी३१३ काठावर पास, ६० व्होल्ट, ३ अँपियर, ३० वॅट. टिप३१सी तसाच, ४० वॅटचा. टिप४१सी जरा दणकट, १०० व्होल्ट, ६ अँपियर, ६५ वॅट. आणि कोपऱ्यात आमचा लाडका २एन३०५५, ज्याला सगळा बाजार 'थर्टी फिफ्टी-फाइव्ह' म्हणायचा. लोखंडी टोपीचा, दोन पायांचा, १५ अँपियर, ६० व्होल्ट, ११५ वॅट. तेव्हा देशातल्या कुठल्याही घरगुती सप्लायवर, स्टॅबिलायझरवर, मंडळाच्या अँप्लिफायरवर तो बसलेला दिसायचा. माझ्या वयाच्या पोराला तो दारासिंगच वाटायचा. "मामा, हाच लाव की. सगळ्यांत मोठा आहे."

"मोठा हाय म्हनून काय झालं? ११५ वॅट कुठं हायत? केस पंचवीस अंशावर असताना. कराडात उन्हाळ्यात भितीसुद्धा पंचविशीत नसत्यात." त्यानं हिशोब सांगितला. केस तापत जाईल तसा दर अंशाला दोन तृतीयांश वॅट कमी होतो. केस १०० अंशाला गेली की ११५ चे राहतात ६६. तरी साडेतेराला पुष्कळ आहेत. पण त्या टोपीला नवी भोकं पाडावी लागणार, पत्रा लहान, बाजूलाच ट्रान्सफॉर्मर. टोपी म्हणजेच कलेक्टर, ती कशाला टेकली की पुन्हा हेच. टिप४१सी जुन्याच्या जागी जुन्याच स्क्रूवर बसतो, पायही त्याच क्रमाचे. म्हणून टिप४१सी.

तोही लगेच बसवला नाही. आधी डायोड तपासले, झेनर तपासला, एसएल१०० काढून पाहिला, फुगलेला कपॅसिटर बदलला, आणि सेटच्या बाजूला पुढे कुठं शॉर्ट नाही ना हे मीटर लावून पाहिलं. मेलेल्याच्या जागी दुसरा उभा करण्याआधी पहिला कशानं मेला हे कळलंच पाहिजे, यात मामा कुणाचं ऐकत नसे, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. मग अभ्रकाचा पातळ वॉशर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन ग्रीस लावून बसवला. पत्र्याच्या भोकाला ड्रिलची कड उठलेली होती, ती मोठ्या ड्रिलनं हातानंच फिरवून साफ केली. ती सुईएवढी कड अभ्रकात शिरते, आणि मग तीन महिन्यांनी सेट परत येतो. केस आणि पत्रा यांच्यात मीटर लावला. काटा हलला नाही.

पुढचा मान सिरीज बोर्डाचा. शंभर वॅटचा बल्ब विजेच्या वाटेत घातलेला. सेटमध्ये शॉर्ट राहिला असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि नवा ट्रान्झिस्टर वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. शेतकऱ्यांनी नकळत हात जोडले. मामानं प्रीसेट फिरवून १२ व्होल्ट आणले, बल्ब काढला, डिमरस्टॅट २६० वर नेला आणि चहा सांगितला. चहा संपल्यावर प्लग काढून पत्र्यावर बोट ठेवलं. पाच आकडे मोजेपर्यंत बोट टिकलं, म्हणजे पास. चांदीच्या जागी काचेचा दोन अँपियरचा फ्यूज बसला आणि झाकणाच्या आतून दोन जादा फ्यूज चिकटपट्टीनं लावून दिले गेले. "हे संपल्याबगर सिगरेट वढायची न्हाई," मामा म्हणाला.

पण कागदावर टिप४१सी निवडणं सोपं, हातातला नग खरोखर टिप४१सी आहे हे कोण सांगणार? मामा दोन-तीन महिन्यांतून पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचा, सुट्टीत असलो तर मीही. स्वारगेटहून चालत बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. क्वचित मोठी यादी असली तर मुंबईला लॅमिंग्टन रोड. तिथं थर्टी फिफ्टी-फाइव्ह मागितला की प्रतिप्रश्न यायचा, "ओरिजनल की चालू?" चालूचा भाव निम्म्याहून कमी. मामा एक चालू विकत घ्यायचाच, आणि घरी आल्यावर आक्सा ब्लेडनं त्याची टोपी कापून मला आत दाखवायचा. आत सिलिकॉनची चकती दीड-दोन मिलिमीटरची. खऱ्याची शेजारी ठेवली की कितीतरी मोठी. एवढ्याशा चकतीतून १५ अँपियर जाणार म्हणे! वर छाप मात्र खऱ्याहून ठळक आणि पांढरीशुभ्र.

म्हणून त्यानं परीक्षेचं एक यंत्र केलं होतं. बारा व्होल्टची बॅटरी, जीपच्या हेडलाइटचा बल्ब आणि बेसला बावीस ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर. खरा नग तो बल्ब झगझगीत पेटवायचा आणि कलेक्टर-एमिटरवर जेमतेम व्होल्टभर ठेवायचा, बहुधा त्याहूनही कमी. खोटा पेटवायचा खरा, पण काटा दोन-तीन व्होल्टांवर, आणि मिनिटाभरात टोपीला हात लावायची सोय नाही. असल्यांना मामा फेकत नसे. ते दोनशे मिलिअँपियरच्या एलिमिनेटरमध्ये जायचे. "हितं सुखानं नांदतील," म्हणायचा.

खात्रीचा माल हवा तर पुण्याचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरायचा. मोडीत निघालेल्या यंत्रांचे बोर्ड तिथं किलोवर मिळायचे. त्यांच्यावरचे, आपापल्या हीटसिंकला घट्ट बसलेले ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षं काम करून सिद्ध झालेले असत. नव्या खोट्यापेक्षा जुना खरा बरा, हे व्यवहाराचं गणित होतं. आज कुणी असं केलं की त्याला पर्यावरणप्रेमी म्हणतात.

एकाच नंबराच्या दोन खऱ्या नगांतसुद्धा फरक असतो, हे कळलं ती गंमत वेगळीच. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना सप्लाय आला होता, आत ७२३ नंबरचा रेग्युलेटर आणि बाहेर थर्टी फिफ्टी-फाइव्ह. नवा, अस्सल, यंत्रावर पास झालेला नग बसवला. व्होल्ट बरोबर, पण लोड नसतानाही हीटसिंक कोमट. मामाकडे ऑसिलोस्कोप नव्हता. टेबलावर रेडिओवर सांगली आकाशवाणीचा शेतीविषयक कार्यक्रम चालू होता, आणि सप्लाय सुरू केला की हुमणीच्या अळीवरची माहिती शिट्टीत बुडून जायची. सप्लाय बंद, माहिती परत. मामानं दोन-तीनदा बटण खालीवर केलं आणि हसायला लागला. सप्लाय स्वतःच प्रक्षेपण केंद्र झाला होता.

कारण असं, की साठच्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए कंपनीनं जो ३०५५ काढला तो फार संथ होता, वेग आठ लाख हर्ट्झच्या आसपास. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर त्याच नावानं वेगळ्या पद्धतीचे, एपिटॅक्सियल नग येऊ लागले. व्होल्ट तेच, अँपियर तेच, टोपी तीच, पण वेग तिप्पट. जुन्या मंद गड्याच्या भरवशावर आखलेलं सर्किट या चपळ गड्यानं थरथरायला लागलं. मामानं ७२३ च्या कॉम्पेन्सेशनच्या पायावरचा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून ४७० चा लावला. शिट्टी गेली आणि हुमणी अळी परत आली. ट्रान्झिस्टरला नावं ठेवायला जागाच नव्हती. चपळ असणं हा काही गुन्हा नाही. त्याला जिथं बसवला तिथं कुणी चपळपणा मागितला नव्हता, इतकंच.

उलटी गोष्ट रंगीत टीव्हीत. १९८२ नंतर रंगीत सेट आले आणि त्यांच्याबरोबर एसएमपीएस. तिथं ट्रान्झिस्टर उष्णता गिळत बसत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. वीज सरळ रेक्टिफाय केलेली, म्हणजे सव्वातीनशे व्होल्ट, आणि बंद होतानाचा झटका त्याच्याही वर. थर्टी फिफ्टी-फाइव्ह तिथं पापणी लवायच्या आत जाईल. तिथलं घराणं बीयू२०८, बीयू५०८ चं, दीड हजार व्होल्ट सोसणारं. व्होल्ट आणि अँपियर जुळवून भलताच मंद नग लावला की तो वेळेवर बंद होत नाही, आणि अर्धवट बंद असण्याच्या त्या क्षणांतच भाजून निघतो. बीयू५०८डी मधल्या 'डी'ची मजा तर औरच. पोटात एक डायोड, शिवाय बेस-एमिटरमध्ये छोटा रेझिस्टर. मीटर लावला की थोडेच ओहम दिसतात, आणि ते पाहून कित्येक मेकॅनिकांनी धडधाकट नग शॉर्ट म्हणून कचऱ्यात टाकले. मामाला हा विभाग फारसा आवडला नाही. सव्वातीनशे व्होल्टांपुढे बोट लावून पाहता येत नाही, ही त्याची तक्रार.

त्याची खरी माया जुन्यांवर. शाळांच्या प्रयोगशाळांतून एडी१४९ लावलेले जर्मेनियमचे सप्लाय यायचे, पीएनपी. त्यांच्या जागी सिलिकॉनचा एमजे२९५५ लावला की बेस-एमिटरमध्ये पाव व्होल्टाऐवजी साठ-सत्तर शतांश जातात, आणि साध्या झेनरच्या सप्लायमध्ये तेवढा आउटपुट खाली येतो. मामा झेनरच्या ओळीत एक साधा डायोड टाकून ते भरून काढायचा.

भाऊबीजेला दुकान अर्धा दिवस बंद. आई पाटाभोवती रांगोळी काढायची, मामा आंघोळ करून बसायचा, पण बोटांना राळेचा वास राहायचाच. एका वर्षी ओवाळणीच्या ताटात त्यानं साडीबरोबर पत्र्याचा एक डबा ठेवला. आईच्या रेडिओला सेल फार लागतात म्हणून घरी बनवलेला सहा व्होल्टचा एलिमिनेटर. आईनं विचारलं, "दादा, हा किती दिवस टिकेल?" मामा म्हणाला, "आत चालू माल हाय. पर तुझ्या रेडिओला एवढा पुरं." साडी आईनं जरा उलटसुलट करून बाजूला ठेवली. एलिमिनेटर मात्र त्याच दिवशी आमच्या बॅगेत गेला.

त्याची आणखी एक सवय सांगायची राहिली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सप्लायच्या झाकणाआड तो डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्यावर बॉलपेननं लिहायचा: मूळ कोणता, लावला कोणता, आधीचा कशानं गेला. पुढच्या मेकॅनिकसाठी. कोण असेल ते असो.

एका बेंजो पार्टीचा बारा व्होल्टचा सप्लाय असा बरीच वर्षं फिरत राहिला. लग्नसराईत तो जिल्हाभर हिंडायचा आणि जिथं बंद पडेल तिथंच दुरुस्त व्हायचा. पुन्हा कराडला आला तेव्हा मामाच्या पट्टीखाली दोन परक्या हस्ताक्षरांची भर पडली होती. पहिली ओळ: "३०५५ ओरिजनल मिळाला नाही. टिप३०५५ लावला. सातारा." त्याखाली हिरव्या शाईत: "टिप३०५५ चांगला होता, अभ्रक फाटलं होतं. नवीन भोक पाडून ३०५५ लावला. फलटण." मामानं चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, आतला हीटसिंक उलटा करून पाहिला, आणि खिशातलं पेन काढून तिसरी लिहिली: "फलटणचं भोक वाकडं आहे. बाकी काम बरोबर. कराड."